रुपयाला नाक नसतं

६ जून १९६६, सोमवार

रुपया उतरला. मला हे दुधाच्या रांगेत कळलं. काल रात्री आकाशवाणीवर अर्थमंत्र्यांनी सांगितलं म्हणे. आमचा रेडिओ मुलाने, श्यामरावने, दुरुस्तीला नेला तो अजून पावर हाउस बाजारातल्या दुकानात पडून आहे. कालपर्यंत एका डॉलरला चार रुपये शहात्तर पैसे पडत होते, आजपासून साडेसात रुपये. पौंड तेरा रुपये तेहतीस पैशांचा होता, तो एकवीसचा झाला.

आकडे ऐकले आणि रक्त तापलं. मागे वळून म्हणालो, "समझे, क्या हुआ?" मागच्या बाईने मला बाजूला करून आपला डबा खिडकीत ठेवला.

घरी आलो तर श्यामराव रात्रपाळी करून अंथरुणावर पडलेला. रोलिंग मिलमधून आला की त्याच्या कानात दोन तास तो धडधडाटच असतो, माझा आवाज आत शिरत नाही. तरी सांगितलं. डोळे न उघडता म्हणाला, "पगार तर तेवढाच राहीन ना, बाबूजी?"

"पगार तेवढाच राहील."

"तो फिर ठीक है." आणि भिंतीकडे वळला.

सुनेला सांगण्यात अर्थ नव्हता. दुर्गा सिगडी पेटवत होती. तिने विचारलं, "चहा घेता का, मामाजी?" घेतला.

एवढी मोठी गोष्ट घडली आणि या पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहामध्ये, मला ती बोलायला एक माणूस मिळू नये! आता वहीशी बोलतो आहे.

७ जून

देवाजी आला! कामगार युनियनचा सेक्रेटरी, गोंदियाकडचा, ब्लास्ट फर्नेसवर काम करतो. दोन वर्षांत या घराची पायरी चढला नव्हता. येताच पाया पडला, तेव्हाच ओळखलं की काम आहे.

"काकाजी, येत्या इतवारी सभा हाय, पावर हाउसच्या मैदानात. रुपयावर बोलाले माणूस पायजे. आमच्यातल्या कोनाले समजूनच नाही राहिलं का हे डिव्हॅल्युएशन म्हंजे काय. मी म्हटलं, आपले केवलराम काकाजी हायेत ना. रेल्वे इन्स्टिट्यूटात तुमी बोलाले उभे राहिले का लोकं पत्ते टाकून आयकत."

पत्ते कुणी टाकत नव्हतं. पण मी त्याला खुर्ची दिली.

"हिंदीत बोला लागन," तो म्हणाला.

"बोलेन."

तो गेल्यावर आरशासमोर उभा राहिलो. एकसष्ट वर्षांचा आहे. आवाज तपासला. आहे अजून.

८ जून

ट्रंक उघडून जुनी पुस्तकं काढली. रुपयाचा इतिहास मला पाठ आहे, पण पाठ असलेल्याची खात्री करावी.

बावीस वर्षांचा होतो तेव्हा हिंगणघाटच्या कापूसबाजारात बैलगाडीवर उभा राहून मी याच विषयावर बोललो होतो. सत्तावीस साल. इंग्रज सरकारने रुपयाचा भाव अठरा पेन्स ठरवला. आमचं म्हणणं, तो सोळा पेन्सच असावा. का? तर कापूस लंडनला पेन्सांत विकला जातो. एकशे चव्वेचाळीस पेन्सांचा माल घ्या. रुपया सोळा पेन्सांचा असेल तर घरी नऊ रुपये येतात, अठरा पेन्सांचा केला की आठच. म्हणजे रुपया महाग केला आणि आमच्या खिशातून नवातला एक काढून नेला! हे मी बैलगाडीवरून ओरडून सांगितलं आणि अख्ख्या बाजाराने टोप्या उडवल्या. त्या दिवशी कळलं की मी कशासाठी जन्मलो आहे.

पुस्तक मिटलं तेव्हा ध्यानात आलं. तेव्हा मी रुपया *स्वस्त* करा म्हणून घसा फोडला होता. आणि आता तो स्वस्त केला म्हणून धिक्कार करायचा आहे.

९ जून

रात्रभर विचार केला. आज दुपारी खोलीत उभा राहून पहिल्यांदा पूर्ण भाषण केलं. खिडकीकडे तोंड करून, मैदान समोर आहे असं समजून.

म्हणालो: रुपयाला नाक नसतं. रुपया म्हणजे झेंडा नव्हे, की खाली आला म्हणजे देशाची बेइज्जत झाली. रुपयाला फक्त भाव असतो. एकेकाळी तो नुसत्या चांदीचा होता, चांदी उतरली तसा तो उतरला. मग सरकारने लोकांच्या चांदीला टांकसाळीची दारं लावून घेतली आणि त्याला सोळा पेन्सांवर बांधला. मग अठरावर. एकोणपन्नास साली पौंड उतरला तसा रुपयाही त्याच्या मागे उतरला, तेव्हा कुणाचं नाक गेलं? ज्याच्याकडे विकायला माल आहे त्याला स्वस्त रुपया बरा. ज्याला बाहेरून आणून खायचं आहे त्याला तो मारतो. आपण आज अमेरिकेची लाल ज्वारी रेशनवर आणून खातो आहोत. रागवायचं तर यावर रागवा. रूळ ओढा, पत्रा काढा, विकायला माल करा, मग हाच रुपया तुमच्या उपयोगी पडेल.

खरं सांगतो, हिंगणघाटनंतर इतकं चांगलं भाषण माझ्या तोंडून निघालं नव्हतं. ऐकायला मात्र खिडकीबाहेर वाळणारी धोतरं, त्यांवर प्लांटची लाल धूळ.

दुर्गा मागच्या मोरीत भांडी घासत होती. मी सुरू केलं आणि थोड्या वेळात भांड्यांचा आवाज बंद. माझा आवाज चढला की ही बाई भांडी तशीच टाकून शेजारी सिंधुताईकडे पळत असावी. पळो बापडी. रात्री वरण लागलेलं होतं. स्वयंपाकात लक्ष नाही म्हणून बोललो, तर मान खाली घालून ऐकून घेतलं.

१० जून

आजही उभा राहिलो. मध्येच खोकल्याची उबळ आली. मागे वळून पाहतो तर दाराशी पाण्याचा तांब्या. दुर्गा ठेवून गेलेली. म्हणजे आता पुरे करा, असं सुचवायची रीत. मीही हट्टाने आणखी अर्धा तास बोललो.

रात्री वाढताना तिने विचारलं, "मामाजी, पेन्स म्हंजे केवढा राहते?"

"तुला काय करायचं आहे पेन्स?"

"नाही, असंच."

नसते प्रश्न. सिंधुताईच्या मुलाच्या शाळेत विचारलं असेल काहीतरी.

११ जून

नागपूरचं वर्तमानपत्र आणायला पावर हाउस स्टेशनवर गेलो. पेपरवाला भय्याजी माझ्यासाठी एक प्रत बाकाखाली दाबून ठेवतो. त्याच्या स्टॉलवर मराठी पेपर घेणारा मी एकटाच उरलो आहे. पूर्वी अख्खा गठ्ठा उतरायचा.

उन्हात रुआबांधा गावाच्या बाजूने परत आलो. रस्ता मोकळा होता म्हणून उद्याच्या भाषणाची हिंदी करत चाललो. जमत नाही असं नाही. पण मराठीत जे वाक्य घणासारखं पडतं ते हिंदीत नेलं की त्याचं वजन हातातच कमी होतं. हे मी छप्पन सालापासून बघतो आहे. एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात गेलं, दुर्ग मध्य प्रदेशात राहिलं. मी त्या दिवशी दुर्गच्या रेल्वे मालधक्क्यावर त्याच खुर्चीत बसून त्याच पावत्या फाडत होतो. रूळ तेच, गाड्या त्याच. पण त्यानंतर माझ्या सभेला येणारे हळूहळू कमी झाले. निवृत्त झालो, बायको अंजनाबाई गेली, मुलाच्या क्वार्टरमध्ये आलो. मुलगा माझ्याशी अर्धा हिंदीत बोलतो आणि अर्धा बोलतच नाही.

म्हणून उद्याची सभा. ती गेली तर मला दुसरी नाही.

देवाजीला रस्त्यातच गाठून विचारलं, "मी सगळं सांगणार आहे, बरं का. सोळा पेन्सांपासून."

"सांगा ना, काकाजी. फक्त थोडं तापवा."

१२ जून, रविवार

जे झालं ते झालं तसं लिहितो.

मैदान भरलं होतं. आंध्रचे, बंगालचे, पंजाबचे, इथले छत्तीसगढी, आमचे भंडारा-गोंदियाचे. एका बाजूला बायकांसाठी दोरी बांधलेली. माझ्या आधी तिघे बोलले, तिघांनीही सरकारला शिव्या दिल्या आणि तिघांनाही रुपयाबद्दल काही ठाऊक नव्हतं. मग माझं नाव पुकारलं.

मी चांदीपासून सुरुवात केली. लोक ऐकत होते. टांकसाळीपर्यंत आलो तोवर शेंगदाणेवाला रांगांमधून फिरू लागला. सोळा पेन्स म्हणालो तेव्हा पुढची एक रांग उठून बिडी प्यायला गेली. कुणीतरी ओरडलं, "चाचा, मतलब की बात बोलो!" हशा. देवाजी मागून कुजबुजला, "काकाजी, तापवा. मैदान खाली होऊन राहिलं."

मी पाहिलं. खरंच माणसं उठत होती. पाठ फिरवलेला माणूस मी सहन करू शकत नाही. आजवर कधीच करू शकलो नाही.

आणि माझ्या तोंडून निघालं: "भाइयो! कल तक जो रुपया सीना तान के चलता था, रात को तुम सोए और उसकी नाक काट ली गई!"

मैदान एकदम थांबलं. मग असा गजर झाला की लाउडस्पीकर शिट्टी मारू लागला. बिडीवाले धावत परत आले. त्यानंतर मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. नाक वीस वेळा तरी आलं असेल. नाक कुणी कापलं, कुणाच्या सुरीने कापलं, रक्त कुठे कुठे सांडलं. या प्लांटसाठी घेतलेलं रशियाचं कर्ज रातोरात दीडपट झालं हेही सांगितलं. ते खरंच आहे. पण खऱ्याचा उपयोग मी सुरीला धार लावायला केला. सोळा पेन्स तसेच राहिले. लाल ज्वारीचं नाव काढलं नाही. विकायला माल करा, हे तर मुळीच बोललो नाही. दिवसभर भट्टीपुढे भाजून आलेल्यांना आणखी काम करा म्हणून कोण सांगणार?

हार घातला. दोघांनी खांद्यावर घेतलं. वरून मैदान दिसत होतं, आणि दोरीजवळ सिंधुताईच्या शेजारी हिरव्या लुगड्यातली एक बाई उभी दिसली. सगळे टाळ्या वाजवत होते, ती वाजवत नव्हती. दुर्गा होती. सभेला येणार म्हणून बोललीही नव्हती.

१३ जून

सकाळी बाजारात गेलो तर चहावाला ओरडला, "आओ, नाकवाले बाबूजी!" पैसे घेतले नाहीत. पानवाल्यानेही तेच. पोरं मागून नाक धरून चालत होती. अपमान नव्हता, प्रेमच होतं. कितीतरी वर्षांनी या गावात मला नाव मिळालं.

संध्याकाळी देवाजी पेढे घेऊन आला. "काकाजी, राजनांदगावच्या मिलवाल्याईनं तुमालेच मागितलं! एकोणीसला. थेच नाकवालं करा, दुसरं काई नको."

हो म्हणालो.

जेवायला बसलो. श्यामराव दुपारपाळीला होता. दुर्गाने पोळी वाढली, आणि तिथेच उभी राहिली.

"मामाजी, एक विचारू?"

"विचार."

"खोलीत तर तुमी म्हणत होते, रुपयाले नाक नसते."

"तू कधी ऐकलंस?"

"दोन्ही दिवस. भांडे बाजूला ठेवून आयकत होती ना मी. म्हणून तर वरण लागलं. अन् काल सिंधुताईले म्हटलं, चल, आमच्या मामाजीचं भाषण हाय, नवाचे आठ कसे होतात थे सांगतात, लय भारी हाय. थे तं तुमी सांगितलंच नाही."

"सभेत लोकांना तसंच सांगावं लागतं, दुर्गा."

"मंग मले येगळं कावून सांगितलं?"

"तुला कुठे सांगत होतो मी? मी भिंतीला सांगत होतो."

हे बोललो आणि लगेच वाटलं, बोलायला नको होतं.

"भिंतीच्या इकडे मी होती," म्हणाली, आणि तव्यावरची पोळी उलटायला गेली.

१५ जून

राजनांदगावची तयारी करायला उभा राहिलो. "भाइयो, रुपये की नाक..." मोरीत भांडी वाजत होती. आवाज चढवला. भांडी वाजतच राहिली. कढई, पितळी, डबे, एकामागून एक. शेवटपर्यंत थांबली नाहीत. खोकलाही आला. तांब्या आला नाही. उठून स्वतः पाणी घेतलं.

तिने मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. रोजचीच भांडी होती.

१६ जून

काही केलं नाही. खुर्चीवर बसून होतो. बाहेर दोनदा कुणीतरी "नाकवाले बाबूजी हैं क्या?" म्हणून विचारून गेलं. दुर्गाने "सोये हैं" म्हणून सांगितलं.

हिंगणघाटला टोप्या उडाल्या त्या सोळा पेन्ससाठी उडाल्या, असं मी चाळीस वर्षं समजत आलो. कदाचित त्यांनाही पेन्स कळले नसतील. बावीस वर्षांचा पोरगा बैलगाडीवर तापलेला दिसला म्हणून उडवल्या असतील. आता कुणाला विचारणार?

अंजनाबाई माझ्या एकाही सभेला आली नाही. मीही कधी चल म्हणालो नाही.

१७ जून

देवाजीकडे स्वतः गेलो. सांगितलं, राजनांदगावला येतो, पण सगळं बोलेन. नाक नाही. सोळा पेन्सांपासून लाल ज्वारीपर्यंत, आणि शेवटी मालाचं.

तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी थट्टा करत नाही.

"काकाजी, पोस्टर छापून झाले! 'रुपये की नाक' असंच लिवलं हाय त्यावर."

"मग दुसरा वक्ता घे."

"म्हातारपणी कलटी मारून राहिले का? अरे, चाळीस साल तुमाले कोनी विचारलं नाही. आता लोकं खांद्यावर घेऊन राहिले तं तुमाले इतिहास आठवून राहिला."

हे खरंच होतं.

"सोळा पेन्स कोन आयकते? थे तुमी घरीच बोला."

"बरं," म्हणालो.

परत येताना चहावाल्याला माझे पैसे घ्यायला लावले. घेतले. उद्यापर्यंत त्यालाही कळेल.

१९ जून, रविवार

आज राजनांदगावला सभा. आता सुरू झाली असेल. देवाजीने नाकासाठी दुसरा कुणीतरी शोधला असणारच, तसं बोलणारे खूप आहेत.

श्यामराव पाळीवर. दुपारभर पडून होतो, झोप लागली नाही. मग उठलो. मोरीत भांडी वाजत होती.

खुर्ची खिडकीजवळून उचलली आणि मोरीच्या भिंतीजवळ आणून ठेवली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. तोंड भिंतीकडे. चुना पडलेली जागा समोर होती, तिच्याकडे बघत सुरू केलं. आवाज नेहमीसारखा चढेना. चढवलाही नाही.

"रुपयाला नाक नसतं," म्हणालो.

भांडी वाजत होती.

चांदी सांगितली. टांकसाळीची दारं लावली तेही सांगितलं. कढई घासल्याचा आवाज येत होता. मी पुढे गेलो. हिंगणघाटचा बाजार, बैलगाडी. सोळा पेन्स.

कढई थांबली.

मी बोलत राहिलो. एकशे चव्वेचाळीस पेन्सांचा माल घेतला आणि त्याचे नऊ रुपये करणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"मामाजी, थांबा जरा. पेन्स म्हंजे केवढा राहते, थे आधी सांगा."

माझ्या भाषणात मध्येच कुणी बोललेलं मी कधी चालवून घेतलं नाही. थांबलो. खुर्ची ओढून तिच्यावर बसलो आणि पेन्स केवढा असतो ते सांगितलं.